पीडीएफ आणि देवनागरी : संकेतस्थळावरून छापील पान कसे तयार होते

ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेला वसलेली सुपेला ही भिलाईतील एक गजबजलेली बाजारपेठ आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली आणि तिच्याभोवती देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या लोकांचे नगर उभे राहिले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत असे, त्यामुळे या परिसरास मराठी भाषा परकी नव्हती. कारखान्याच्या नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांची त्यात भर पडली. आज हा भाग छत्तीसगढ राज्यात आहे. कचेरीची भाषा हिंदी आहे. घरात मराठी आणि कागदावर हिंदी अशा ठिकाणी माणसाचे नाव कागदावर कसे उमटते, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. शाळेच्या दाखल्यावर 'वऱ्हाडे', गुणपत्रिकेवर 'वर्हाडे' आणि तिसऱ्या कागदावर 'वराडे' असे छापले गेले, तर तिन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते.

हे कागद आता छापखान्यात खिळे जुळवून तयार होत नाहीत. दाखला, पावती, गुणपत्रिका, प्रमाणपत्र यांपैकी बहुतेक कागद दूरवरच्या एखाद्या सर्व्हरवर, मागणी येताच, काही क्षणांत तयार होतात आणि पीडीएफ या स्वरूपात मागणाऱ्याच्या हाती पडतात. ही क्रिया कशी घडते आणि तीत देवनागरी अक्षर नेमके कोठे अडखळते, हे पाहणे उद्बोधक आहे.

संकेतस्थळ चालविणाऱ्या आज्ञा ज्या भाषांत लिहिल्या जातात, त्यांपैकी पीएचपी ही अतिशय प्रचलित भाषा होय. रॅसमस लेरडॉर्फ याने १९९४ साली स्वतःच्या संकेतस्थळासाठी काही लहान साधने तयार केली व १९९५ साली ती सर्वांसाठी खुली केली. त्यांतूनच ही भाषा वाढली. स्वस्त दराने जागा भाड्याने देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर ती चालते, म्हणून लहान शिकवणीवर्ग, पतसंस्था, दुकानदार यांच्या संकेतस्थळांमागे बहुधा तीच असते. पीएचपीचे मूळ काम एचटीएमएल या खुणांच्या भाषेत पान रचून ब्राउझरकडे पाठविणे हे आहे. असे पान पाण्यासारखे असते: ज्या भांड्यात ओतावे तसा आकार घेते. रुंद पडद्यावर ओळ लांब होते, फोनवर तीच ओळ चार ठिकाणी मोडते. वाचण्यास हे सोयीचे. पण प्रमाणपत्राची सही मजकुरावरून घसरून दुसऱ्या पानावर गेलेली कोणासच चालणार नाही.

पीडीएफचा जन्म याच गरजेतून झाला. अडोबी या अमेरिकन कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली 'कॅमलॉट' या नावाने एक योजना मांडली. कोणत्याही यंत्रावर तयार केलेले पान दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे व छापले जावे, हा तिचा हेतू. १९९३ साली पीडीएफ हे स्वरूप जाहीर झाले आणि २००८ साली ते आयएसओ ३२००० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक बनले. तेव्हापासून ते एका कंपनीच्या मालकीचे राहिले नाही. कोणीही, कोणत्याही भाषेत, पीडीएफ लिहिणारी आज्ञावली तयार करू शकतो.

मात्र 'लिहू शकतो' आणि 'सहज लिहितो' यांत अंतर आहे. पीडीएफ फाइलच्या अंतरंगात डोकावले की ते ध्यानात येते. फाइल म्हणजे क्रमांक दिलेल्या अनेक वस्तूंची मांडणी असते: एक वस्तू पानाचे माप सांगते, दुसरी पानावरील मजकूर धारण करते, तिसरी फॉन्टचे वर्णन करते, चौथी एखादे चित्र. फाइलच्या शेवटी एक सूची असते. अमुक क्रमांकाची वस्तू फाइलच्या आरंभापासून कितव्या बाइटवर सुरू होते, हे ती सूची सांगते. तिची प्रत्येक नोंद बरोबर २० बाइटांची असावी लागते. वाचणारा कार्यक्रम फाइल उघडताच प्रथम शेवटाकडे जातो, सूची मिळवतो आणि मग हवे ते पान थेट गाठतो. हजार पानांच्या ग्रंथाचे नऊशेवे पान चटकन उघडते, ते याच योजनेमुळे.

पानावरील जागा मोजण्याची रीतही निराळी आहे. पीडीएफचे एकक 'पॉइंट' असून एका इंचात असे ७२ पॉइंट येतात. छापखान्याच्या जुन्या मापाशी त्याचे नाते स्पष्ट आहे. पानाचा आरंभबिंदू डावीकडील खालचा कोपरा हा असतो आणि उंची वरच्या दिशेने मोजली जाते, शालेय भूमितीच्या आलेखाप्रमाणे. ए-४ आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच, म्हणजे सुमारे ५९५ × ८४२ पॉइंट. आता एखाद्यास विद्यार्थ्याचे नाव डाव्या कडेपासून ४० व वरच्या कडेपासून ५० मिलिमीटरवर हवे असेल, तर आडवे अंतर ४० × ७२ ÷ २५.४ म्हणजे सुमारे ११३.४ पॉइंट होईल. उभे अंतर काढताना २९७ मधून ५० वजा करून उरलेल्या २४७ मिलिमीटरांचे रूपांतर करावे लागेल. ते सुमारे ७००.२ पॉइंट येते. एका नावासाठी एवढा खटाटोप! प्रमाणपत्रावर अशा वीस गोष्टी असतील, आणि सूचीतील बाइटांचे हिशेब त्यावर आणखी.

हा सर्व हिशेब एकदाच कोणीतरी करून ठेवावा व इतरांनी तो वापरावा, या विचारातून 'लायब्ररी' निर्माण होते. या शब्दाचे भाषांतर 'ग्रंथालय' असे करण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण तो आवरावा हे बरे. येथे वाचनासाठी पुस्तके नाहीत. सुताराच्या पेटीत जशी घडवून तयार ठेवलेली हत्यारे असतात, तसा हा तयार आज्ञांचा संच आहे. तो पीएचपीचा भाग नसतो. बाहेरून आणून जोडावा लागतो. 'कम्पोजर' नावाच्या साधनास एक ओळीची आज्ञा दिली की हवी ती लायब्ररी, आणि ती ज्यांवर अवलंबून आहे ते इतर संचही, आपोआप उतरवून घेतले जातात.

पीएचपीसाठी पूर्वी पीडीएफलिब या विकत घ्याव्या लागणाऱ्या संचाचा आधार घ्यावा लागे. २००१ साली ऑलिव्हिए प्लाथे याने एफपीडीएफ ही लायब्ररी विनामूल्य दिली. नावातील 'एफ' हे अक्षर 'फ्री' या शब्दाचे आद्याक्षर आहे. ती अत्यंत लहान आहे आणि तिच्या वापरात एक प्रकारचा प्रांजळपणा आहे. नवे पान घ्या, फॉन्ट निवडा, अमुक ठिकाणी जा, अमुक रुंदीची चौकट आखून तीत मजकूर लिहा, फाइल पाठवा — बस्स. मोजमाप मिलिमीटरांत, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. पॉइंट व उलटी दिशा यांचा हिशेब ती स्वतः करते. सूचीही तीच लिहिते.

या ठिकाणी नवशिक्यास हटकून भेटणाऱ्या एका अडचणीचा उल्लेख करणे इष्ट. पीएचपीच्या फाइलमध्ये आज्ञांच्या आधी एखादी रिकामी ओळ, किंवा डोळ्यांना न दिसणारी आरंभखूण राहून गेली, तर ती पीडीएफच्या आधीच ब्राउझरकडे रवाना होते. 'पुढे येत आहे ती पीडीएफ फाइल आहे' ही सूचना मग देता येत नाही, कारण सूचना मजकुराच्या आधीच द्यावयाची असते. एफपीडीएफ अशा वेळी काम थांबवून तक्रार नोंदवते. तिने तसे केले नाही, तर ते जादा बाइट फाइलच्या आरंभी चिकटतील व सूचीतील प्रत्येक अंतर तेवढ्याने चुकेल. पुष्कळ वाचक-कार्यक्रम अशी मोडकी सूची दुरुस्त करून घेतात, परंतु सर्वच घेतील असा भरवसा नाही.

इंग्रजी प्रमाणपत्रापुरते एवढ्यावर काम भागते. देवनागरीत मात्र खरी कसोटी पुढेच आहे.

पीडीएफच्या मानकात चौदा फॉन्ट गृहीत धरलेले होते: टाइम्स, हेल्वेटिका व कूरियर यांची प्रत्येकी चार रूपे आणि चिन्हांचे दोन संच. त्यांत देवनागरी नाही. एफपीडीएफ मजकुरातील प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर असे समजते आणि पश्चिम युरोपच्या लिपीच्या तक्त्यात त्याचे रूप शोधते. आजची देवनागरी मात्र युनिकोडमध्ये साठविली जाते. भारतीय लिप्यांसाठी १९८८ साली तयार झालेल्या इस्की या संकेतावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी बेतलेली आहे. संकेतस्थळांवर प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत तिच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. त्यामुळे एका 'क'च्या जागी एफपीडीएफ तीन आकृत्या काढते: डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए', चलनाचे एक चिन्ह आणि एक ठसठशीत ठिपका. 'वऱ्हाडे' या आडनावात काना, मात्रा व पाय मोडण्याची खूण धरून सात चिन्हे आहेत. त्यांच्या जागी एकवीस निरर्थक आकृत्या उमटतात.

हा दोष ढोबळ असल्याने पहिल्याच छापाईत उघड होतो. त्यावरचा उपायही सर्वश्रुत आहे: युनिकोड जाणणारी लायब्ररी घ्यावी आणि देवनागरी फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावा. संपूर्ण फॉन्ट घालण्याची गरज नसते; मजकुरात वापरलेल्या आकृत्यांपुरता तुकडा पुरतो. २००२ साली निकोला असुनी याने सुरू केलेली टीसीपीडीएफ आणि एचटीएमएलचे पान थेट पीडीएफमध्ये उतरविणारी डॉमपीडीएफ या दोन्ही लायब्रऱ्या एवढे करू शकतात. अक्षरे देवनागरी दिसू लागतात. अधिक फसवा दोष आता समोर येतो.

'विद्या' हे नाव घ्या. युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमाने साठविले जाते: व, मग वेलांटी, मग द, पाय मोडण्याची खूण, य आणि काना. कागदावर मात्र पहिली वेलांटी 'व'च्या आधी यावयास हवी आणि द व य मिळून एक जोडाक्षर व्हावयास हवे. 'कीर्ती' या शब्दात र साठविला जातो 'त'च्या आधी, पण रफार होऊन बसतो 'ती'च्या डोक्यावर. जुन्या छापखान्यात हे काम जुळारी करीत असे. वेलांटीचा खिळा तो आधी ठेवी, जोडाक्षराचा खिळा वेगळ्या खणातून उचली, रफार शेवटी बसवी. आणि हे सारे हात सवयीने करीत असल्याने त्याचे शास्त्र आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. संगणकाच्या जगात तो जुळारी म्हणजे अक्षररचनेची आज्ञावली. फॉन्टमध्ये ओपनटाइप नावाच्या पद्धतीने लिहिलेले नियमांचे कोष्टक असते. अमुक दोन चिन्हे लागोपाठ आली तर अमुक आकृती घ्यावी, अर्धे रूप केव्हा वापरावे, रफार कोठे न्यावा, हे त्यात नमूद असते. पण कोष्टक असून उपयोग नाही. ते वाचून त्याप्रमाणे वागणारा कोणी हवा. टीसीपीडीएफ अरबी अक्षरांची जोडणी करते, देवनागरीची करीत नाही. डॉमपीडीएफचीही तीच गत. चिन्हे साठविलेल्या क्रमाने एकामागून एक ठेवली जातात. वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन 'द'च्या गळ्यात पडते आणि 'द्या'चा पाय मोडलेला दिसतो. दुकानातील गिऱ्हाईक म्हणते, "फॉन्ट बिघडला." वस्तुतः फॉन्ट निर्दोष असतो, जुळारीच कामावर नसतो.

मराठीच्या काही खास लकबी येथे आणखी गोंधळ घालतात. 'वऱ्हाडे' या शब्दातील र रफार होत नाही. तो पापणीसारख्या आडव्या रेषेत उतरतो. हिंदीत या रूपाचे काम पडत नाही, मराठीत त्यावाचून अर्थ बदलतो: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, आचार्यांस दिलेले मानधन आणि आचाऱ्यांस दिलेले मानधन यांत तर संस्थेच्या जमाखर्चाचाच घोटाळा. युनिकोडमध्ये यासाठी खाली बिंदू असलेला 'ऱ' योजून त्याचा पाय मोडतात. अक्षररचना झाली नाही तर बिंदूसह पूर्ण 'ऱ' व त्याचा मोडका पाय तसाच उघडा पडतो. 'ल' व 'श' यांची मराठी वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, परंतु मजकूर मराठी आहे असे पानात स्पष्टपणे सांगितले तरच मराठी वळण मिळते.

यावर तीन मार्ग चालतात.

पहिला मार्ग जुना आहे आणि हिंदी प्रदेशातील टंकलेखनाच्या दुकानांत अजून दिसतो. कृतिदेवसारख्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या असतात. टंकलेखक वेलांटी आधी टंकित करतो, म्हणजे जुळारीचे काम स्वतःच्या बोटांनी करतो. असा फॉन्ट एफपीडीएफला दिला तर पान निर्मळ छापले जाते आणि सर्वांचे समाधान होते. परंतु फाइलच्या पोटात देवनागरी नसतेच. कृतिदेवमध्ये 'कि' लिहिले असता खाली रोमन 'एफ' व 'डी' ही अक्षरे साठविलेली असतात. जणू बँकेतील मुदतठेव! अशा फाइलीत नाव शोधले तर सापडत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे नेला तर कचरा हाती येतो, आणि अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणारा कार्यक्रम तो कचराच वाचून दाखवितो. अक्षरांचे चित्र काढून पानावर चिकटविण्याच्या युक्तीतही हाच दोष आहे. कागदापुरते हे चालेल. नोंद म्हणून ते कुचकामी आहे.

दुसरा मार्ग म्हणजे एमपीडीएफ. इयन बॅक याने एफपीडीएफ व तिच्यावर आधारलेली एक एचटीएमएल-लायब्ररी यांच्या पायावर ती उभारली. तिच्या सहाव्या आवृत्तीपासून ओपनटाइपचे कोष्टक वाचणारी व्यवस्था तीत आली, आणि तीही पीएचपीतच लिहिलेली. सर्व्हरवर दुसरे काहीही बसविण्याची मुभा नसलेल्या भाड्याच्या जागेतदेखील म्हणून ती चालते. मात्र हे सारे आपोआप घडेल अशी समजूत करून घेऊ नये. नवा फॉन्ट जोडताना त्याच्या नोंदीत ओपनटाइप-मांडणी वापरावी अशी स्पष्ट खूण करावी लागते. ती राहिली की एमपीडीएफही इतरांसारखीच वेलांटी भलतीकडे ठेवते, आणि लायब्ररी निरुपयोगी असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. तात्पुरत्या फाइली लिहिण्यासाठी तिला एक मोकळी जागाही द्यावी लागते. लांबलचक कोष्टकांची शेकडो पाने असली तर ती मंद चालते. एका पानाच्या दाखल्याला हा मुद्दा लागू नाही.

तिसऱ्या मार्गात पीएचपी स्वतः पान न रचता ते काम सर्व्हरवर पडद्याविना चालणाऱ्या क्रोम ब्राउझरकडे सोपविते. २०१७ पासून क्रोममध्ये ही सोय आहे. क्रोमच्या आत हार्फबझ नावाची अक्षररचनेची लायब्ररी असते, त्यामुळे पडद्यावर जे नीट दिसते ते पीडीएफमध्येही नीट उतरते. अक्षरांच्या बिनचूकपणात हा मार्ग सर्वांत भरवशाचा म्हणावा लागेल. त्याची किंमत स्मृतीच्या व देखभालीच्या रूपाने मोजावी लागते. एका पावतीसाठी आख्खा ब्राउझर चालू करणे म्हणजे सुपारी फोडण्यासाठी कारखान्याचा घण उचलण्यासारखे आहे, आणि लहान भाड्याच्या सर्व्हरवर त्यास परवानगीही बहुधा नसते.

सुपेल्यातील एखाद्या शिकवणीवर्गास दरवर्षी काहीशे प्रमाणपत्रे द्यावयाची असतील, तर दुसरा मार्ग सर्वांत व्यवहार्य ठरतो. एचटीएमएलमध्ये प्रमाणपत्राचा साचा एकदा करावा. नाव, दिनांक, श्रेणी यांच्या जागा मोकळ्या सोडाव्यात. पीएचपीने नोंदवहीतून एकेक नाव घेऊन त्या भराव्यात आणि साचा एमपीडीएफच्या स्वाधीन करावा. तयार फाइली सर्वांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये १, २, ३ अशा क्रमांकांनी ठेवू नयेत, कारण पत्त्यातील आकडा बदलून कोणीही दुसऱ्याचे प्रमाणपत्र पाहू शकेल. परवान्याकडेही लक्ष असावे: एफपीडीएफ कोणत्याही कामास मोकळी आहे, तर एमपीडीएफ जीपीएल या परवान्याखाली येते. तिचा अंतर्भाव असलेली आज्ञावली इतरांना विकावयाची असल्यास त्या परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात.

साचा कामास लावण्यापूर्वी एक चाचणी पान काढून पाहावे. त्यावर विद्या, कीर्ती, श्रद्धा, ज्ञानेश्वर, काळे व वऱ्हाडे हे शब्द असावेत. वेलांटी, रफार, जोडाक्षरे, ळ आणि पापणीचा र यांची परीक्षा एवढ्यात होते. डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. पीडीएफमधून तो मजकूर उचलून एखाद्या साध्या लेखनपानावर उतरवावा. याचे कारण असे की, पीडीएफच्या पानात अक्षरे नसतात, फॉन्टमधील आकृत्यांचे क्रमांक असतात; कोणत्या आकृतीमागे कोणते अक्षर आहे हे सांगणारा एक निराळा तक्ता फाइलीत ठेवावा लागतो. वेलांटी आधी काढली गेल्याने काही फाइलींतून 'विद्या'ची वेलांटी 'व'च्या आधी आलेली मिळते, आणि शोधताना ते नाव हरवते. मानकात एखाद्या शब्दाचा मूळ मजकूर आकृत्यांसोबत नोंदविण्याची सोय आहे. तिचा वापर होतो की नाही हे लायब्ररीवर अवलंबून असते.

कागद अनेक वर्षे जपावयाचा असल्यास २००५ साली ठरविलेले पीडीएफ-ए हे मानक पाळणे उत्तम. त्यानुसार मजकुरात वापरलेला प्रत्येक फॉन्ट फाइलीतच असावा लागतो. अधिकृत दाखल्यांवर याशिवाय अंकीय सही असते, जिला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली. महाराष्ट्रात २०१८ पासून सातबाराचा उतारा अशा सहीसह मिळू लागला, त्यामुळे गोंदिया वा भंडारा जिल्ह्यात शेती असलेल्या भिलाईतील कुटुंबाला तो घरबसल्या काढता येतो. ही सही पानावरील मजकुराची नसून फाइलीच्या बाइटांची असते. फाइलीतील एक बाइट बदलला तरी पडताळणी करणारा कार्यक्रम ते सांगतो. परंतु सही करण्यापूर्वीच नाव चुकीचे छापले गेले असेल, तर सही त्या चुकीचीच साक्ष देते, आणि दुरुस्तीसाठी फाइल नव्याने तयार करून पुन्हा सही घेण्यावाचून इलाज नसतो.